आरमधली पॅकेजेस: कुठलं घ्यायचं, कुणावर विसंबायचं आणि जुनी स्क्रिप्ट का चालत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीला गाइडनी सीनियरची पाच-सहा वर्षांपूर्वीची आरची (आर म्हणजे डेटाच्या विश्लेषणाची भाषा) स्क्रिप्ट दिली. ती तिच्या लॅपटॉपवर चालत नाही, एक पॅकेज, म्हणजे आरला जोडायचा तयार फंक्शनांचा संच, तर उपलब्धच नाही म्हणतंय. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमधला एनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना) आणि आरमधला एनोव्हा जुळत नाही. आणि नेटवर बघावं तर एकाच कामाला दहा पॅकेजेस, मग यातलं घ्यायचं कुठलं आणि विश्वास कशावर ठेवायचा.

मी बरीच वर्षं हेच काम करतोय, शेतावरच्या प्रयोगांचा डेटा, आरोग्याच्या सर्व्हेचा डेटा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमचे तीन प्रश्न वेगवेगळे वाटतात पण मूळ एकच आहे. पॅकेज म्हणजे नुसतं गणित करणारं यंत्र नाही, कोणीतरी बसून घेतलेले निर्णय आहेत ते. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर काय धरायचं, तुटलेला डेटा आला तर काय करायचं, पुढच्या व्हर्जनमध्ये काय बदलायचं, हे सगळं लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. ते डीफॉल्ट कुठले आहेत हे कळलं की तुमचे निम्मे प्रश्न सुटतात.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. आर ही भाषा न्यूझीलंडमधल्या ऑकलंड युनिव्हर्सिटीत रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतली, तिचा आधार म्हणजे एस ही भाषा, जिच्यावर बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ पासून काम केलं होतं. १९९७ मध्ये व्हिएन्नातून क्रॅन सुरू झालं, म्हणजे पॅकेजेसचं मध्यवर्ती भांडार, आणि आरचं १.०.० व्हर्जन आलं २९ फेब्रुवारी २००० ला. आज क्रॅनवर वीस हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. हा आकडा बघून घाबरायचं काही कारण नाही. तुम्ही आर इन्स्टॉल करता तेव्हा त्याच्यासोबतच १४ बेस पॅकेजेस आणि १५ रेकमेंडेड पॅकेजेस येतात. मास, लॅटिस, एनएलएमई, सर्व्हायव्हल, एमजीसीव्ही, आरपार्ट, क्लस्टर ही त्या रेकमेंडेडमधली. आरबीडी (ब्लॉक पाडून केलेला प्रयोग), सीआरडी (ब्लॉकशिवायचा), साधं स्प्लिट प्लॉट (मोठ्या प्लॉटमध्ये छोटे प्लॉट), रिग्रेशन, कोरिलेशन, टी टेस्ट, कायस्क्वेअर, हे सगळं एकही जादा पॅकेज न घालता होतं. लोक हे विसरतात आणि पहिल्याच दिवशी तीस पॅकेजेस घालून बसतात, मग त्यातलं एक मोडलं की सगळं अडतं.

इन्स्टॉल करणं आणि लोड करणं वेगळं, हे एकदा सांगून पुढे जातो. इन्स्टॉल डॉट पॅकेजेस एकदाच, लायब्ररी दर वेळी आर उघडलं की. रिक्वायर वापरू नका, पॅकेज नसेल तर ते फक्त वॉर्निंग देऊन पुढे सरकतं आणि एरर येते ती पन्नास ओळी खाली, मग कारण शोधत बसा. आणि विंडोजवर आरचं व्हर्जन ४.३ वरून ४.४ वर नेलंत की पॅकेजेसचा फोल्डर नवा होतो, म्हणून सगळी "गायब" झाल्यासारखी वाटतात. ती गेलेली नसतात, जुन्या फोल्डरमध्ये असतात, नव्यात परत इन्स्टॉल करायची एवढंच.

आता विश्वासाचा मुद्दा, हा जरा नीट वाचा. बऱ्याच जणांना वाटतं क्रॅनवर आहे म्हणजे तपासलेलं आहे. तपासलेलं असतं, पण काय तपासलेलं असतं ते बघा. पॅकेज वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नीट बनतं का, त्यातली उदाहरणं एरर न येता चालतात का, हेल्पची पानं कोडशी जुळतात का, लायसन्स आहे का. हा तपास कडक असतो आणि एकदाच नाही तर सतत चालू असतो. पण त्यातला एफ (एनोव्हाच्या चाचणीचा आकडा) बरोबर काढलाय का, स्टँडर्ड एररचं सूत्र योग्य आहे का, हे क्रॅन बघत नाही, ते त्यांचं कामच नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची.

मग मी काय बघतो? सगळ्यात आधी मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, कोण आहे आणि तो त्या विषयातला माणूस आहे का. सर्व्हे नावाचं पॅकेज घ्या, ते थॉमस लमली यांनी लिहिलंय, ते स्वतः बायोस्टॅटिस्टिशियन आणि सर्व्हे सॅम्पलिंगवर त्यांचं संशोधन आहे, त्यामुळे त्यातला प्रत्येक डीफॉल्ट विचार करून ठेवलेला दिसतो. दुसरं, न्यूज फाइल, म्हणजे प्रत्येक व्हर्जनमधल्या बदलांची नोंद, वाचतो. ज्या पॅकेजची न्यूज फाइल स्वच्छ लिहिलेली असते, "अमुक केसमध्ये चुकीची डिग्री ऑफ फ्रीडम येत होती, दुरुस्त केली" असं उघड सांगते, त्यावर माझा विश्वास वाढतो, कमी होत नाही. तिसरं, त्यावर लेख आहे का. जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर हे १९९६ पासून चाललेलं मोफत जर्नल आहे, त्यात पॅकेजच्या मागचं गणित सविस्तर असतं, एलएमई फोर या मिक्स्ड मॉडेलच्या पॅकेजवरचा २०१५ चा लेख तिथलाच. आरओपनसाय या संस्थेचे लोक तर पॅकेजचा कोड जाहीरपणे रिव्ह्यू करून घेतात. चौथं, त्या पॅकेजवर अवलंबून असलेली बाकीची पॅकेजेस किती, कारण जितके जास्त लोक तेवढी चूक लवकर सापडते. डाउनलोडचा आकडा मात्र मी फारसा बघत नाही, एखादं पॅकेज दुसऱ्या लोकप्रिय पॅकेजच्या मागून आपोआप डाउनलोड होतं, त्यावरून काही कळत नाही.

आणि शेवटी माझी स्वतःची एक तपासणी असते ती तुम्हीही करा: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा छोटा डेटा द्यायचा. सीनियरच्या जुन्या थिसिसमधला हाताने सोडवलेला आरबीडीचा तक्ता, किंवा तुमच्या पाठ्यपुस्तकातलं गणित, ते त्या पॅकेजमधून काढायचं आणि सम ऑफ स्क्वेअर्स जुळतात का बघायचं. नवीन पॅकेज असेल तर हे केल्याशिवाय खरा डेटा लावूच नये.

तुमच्या क्षेत्रातली पॅकेजेस सांगतो. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठेही गेलात तरी अ‍ॅग्रिकोली हे नाव ऐकू येतंच. ते पेरूमधल्या लिमा शहरातल्या ला मोलिना कृषी विद्यापीठाच्या फेलिपे दे मेंडिबुरू यांचं, म्हणजे शेतीच्या प्रयोगांसाठीच लिहिलेलं, आणि त्यात एलएसडी, एचएसडी, डंकन या ट्रीटमेंटच्या तुलनेच्या चाचण्या आणि स्प्लिट प्लॉट, लॅटिस, ऑगमेंटेड ब्लॉक या प्रयोगाच्या रचना असं सगळं एका जागी मिळतं. ऑगमेंटेड डिझाइनसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोतल्या शास्त्रज्ञांनी लिहिलेलं ऑगमेंटेड आरसीबीडी हे पॅकेज जास्त सविस्तर आहे, जर्मप्लाझमवर काम असेल तर तेच घ्या. आरच्या बाहेर बघायचं तर हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ऑपस्टॅट आणि जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या संशोधन केंद्राचं वास्प, ही आपल्याकडच्या पिढ्यांनी वापरलेली साधनं आहेत आणि साध्या बॅलन्स्ड डिझाइनला ती आजही ठीक आहेत. अडचण येते ती डेटा तुटका असला की. तेव्हा मला आरच लागतं, आणि त्यात अ‍ॅग्रिकोलीपेक्षा एलएमई फोर आणि ईएममीन्स (ॲडजस्ट केलेल्या सरासरी काढणारं पॅकेज) ही जोडी. का ते खालच्या उदाहरणात कळेल.

आता तुमचा एनोव्हा. न जुळण्याची कारणं माझ्या अनुभवात चारच असतात, आणि ती या क्रमाने तपासायची.

पहिलं कारण फार साधं आहे पण सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. ट्रीटमेंटच्या कॉलममध्ये १, २, ३, ४, ५, ६ असे नंबर लिहिलेले असतात आणि आर त्यांना खरेच आकडे समजतं, गट समजत नाही. मग ते सहा ट्रीटमेंटची तुलना न करता ट्रीटमेंट नंबर वाढला की उत्पादन किती वाढतं अशी सरळ रेघ बसवतं, ज्याला काही अर्थ नाही. ओळखायचं कसं? डीएफचा, म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडमचा, कॉलम बघा. सहा ट्रीटमेंट असतील तर तिथे ५ हवेत, १ दिसला की समजायचं फॅक्टर करायचा राहिला. रेप्लिकेशनच्या कॉलमचंही तसंच, तीन रेप्लिकेशनला २ डीएफ. निकालातलं पी व्हॅल्यू बघायच्या आधी डीएफ बघायची सवय लावा, बाकीच्या बऱ्याच चुकाही तिथेच उघड्या पडतात.

दुसरं, स्प्लिट प्लॉट असून एरर टर्म दिलेली नसते. समजा ३ रेप्लिकेशन, ४ मेन प्लॉट म्हणजे सिंचनाच्या पाळ्या, आणि प्रत्येकात ३ सब प्लॉट म्हणजे खताच्या मात्रा. इथे सिंचनाची परीक्षा एरर ए विरुद्ध व्हायला हवी, ज्याला डीएफ फक्त ६ आहेत, आणि खताची एरर बी विरुद्ध, जिला १६ आहेत. आरच्या एओव्ही या फंक्शनमध्ये एरर(रेप/मेन) लिहिलं नाही तर दोन्ही एकत्र होऊन २२ डीएफची एकच एरर बनते, आणि सहसा एरर ए मोठी असते त्यामुळे सिंचनाचा फरक उगाचच सिग्निफिकंट दिसतो. हे चूक म्हणून दिसत नाही, एरर मेसेज येत नाही, तक्ता छान छापला जातो. म्हणूनच ते जास्त धोक्याचं.

तिसरं कारण, सम ऑफ स्क्वेअर्सचा टाइप, आणि तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतंय कारण तुम्ही लिहिलंय की दोन प्लॉट रानडुकरांनी खाल्ले. एसपीएसएस न सांगता टाइप थ्री वापरतं. आरचा साधा एनोव्हा टाइप वन वापरतो, म्हणजे फॉर्म्युल्यात जो घटक आधी लिहिला त्याला आधी मोजतो आणि उरलेल्यातून पुढचा. सगळे प्लॉट शाबूत असतील तर दोन्हींचं उत्तर तंतोतंत एकच येतं. प्लॉट गेले की बॅलन्स बिघडतो आणि मग क्रमाला महत्त्व येतं. साध्या आरबीडीत उपाय सोपा आहे, फॉर्म्युला यील्ड ~ रेप + ट्रीटमेंट असा लिहा, ट्रीटमेंट शेवटी, म्हणजे ट्रीटमेंटचा आकडा रेपसाठी ॲडजस्ट होऊन येतो आणि तो एसपीएसएसशी जुळतो. उलटं लिहिलंत तर जुळणार नाही. फॅक्टोरियल असेल आणि त्यात इंटरॅक्शन असेल तर जॉन फॉक्स यांच्या कार पॅकेजमधला एनोव्हा घ्या, कॅपिटल ए वाला, त्यात टाइप निवडता येतो. पण एक अट आहे जी बरेच जण विसरतात: टाइप थ्री मागायच्या आधी कॉन्ट्रास्ट बदलून सम वाले करावे लागतात. आरचे मूळचे ट्रीटमेंट कॉन्ट्रास्ट ठेवून टाइप थ्री काढलंत तर मेन इफेक्टच्या ओळीत आकडे येतात पण त्यांचा अर्थ तुम्हाला हवा तो नसतो, ती फक्त दुसऱ्या घटकाच्या पहिल्या पातळीवरची तुलना असते. एसपीएसएस हे आतल्या आत करून घेतं, आर तुमच्यावर सोडतं.

याच तुटक्या डेटामुळे सरासरीही कशी फसवते ते बघा. समजायला दोनच ट्रीटमेंट धरू, तीन ब्लॉक, तिसरा ब्लॉक नाल्याकडचा म्हणजे चांगल्या जमिनीचा. पहिलीचं उत्पादन हेक्टरी २२, २५ आणि ३१ क्विंटल. दुसरीचं २१, २४, आणि तिसरा प्लॉट डुकरांनी खाल्लेला. साधी सरासरी काढली तर पहिली २६ आणि दुसरी २२.५, फरक साडेतीन क्विंटल. पण जिथे दोन्ही शेजारी शेजारी होत्या तिथे फरक एकेका क्विंटलचाच आहे! दुसरीचा दोष एवढाच की तिचा चांगल्या जमिनीतला प्लॉट गेला. ईएममीन्स हे ब्लॉकचा हिशोब धरून पहिली २६ आणि दुसरी २५ असं देतं. अ‍ॅग्रिकोलीचं एलएसडी टेस्ट गटांची अक्षरं लावताना साध्या सरासरीवर चालतं, त्यामुळे तुटक्या डेटात मी ते वापरत नाही. तिथे एकच सीडीसुद्धा (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे सिग्निफिकंट म्हणायला लागणारा किमान फरक) राहत नाही, रेप्लिकेशन असमान झाल्या की प्रत्येक जोडीची सीडी वेगळी होते, त्यामुळे थिसिसच्या तक्त्यात खाली "सीडी ५% ला इतकी" अशी एक ओळ टाकायची पद्धत तिथे लागू पडत नाही. गाइडना हे समजावून सांगा, दाखवलं की त्यांना पटतं.

चौथं कारण एनोव्हाचं नाही, त्याच्यानंतरच्या तुलनेचं. अ‍ॅग्रिकोलीच्या एलएसडी टेस्टमध्ये पी व्हॅल्यूची ॲडजस्टमेंट न सांगता "नन" असते, म्हणजे काहीच केलेली नसते. ईएममीन्समध्ये जोड्या काढल्या की न सांगता टुकीची जास्त कडक ॲडजस्टमेंट लागते. म्हणून एकाच डेटावर एकात ए, बी, सी, डी अशी सुटी अक्षरं येतात आणि दुसऱ्यात एबी, बीसी अशी गुंतलेली, आणि मुलं म्हणतात एक पॅकेज चुकीचं आहे. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळा विचारलाय. १२ ट्रीटमेंट असतील तर ६६ जोड्या होतात, खरा फरक कुठेच नसला तरी ५ टक्क्याला त्यातल्या सरासरी तीनेक जोड्या नुसत्या योगायोगाने सिग्निफिकंट निघतील. आपल्याकडच्या विद्यापीठांत सीडीची परंपरा आहे, ती वापरायला हरकत नाही, पण निदान एफ सिग्निफिकंट आल्यावरच वापरा, आणि वीस-तीस व्हरायटींची चाचणी असेल तर टुकी घ्या. कुठलं घेतलं ते मात्र लिहा.

एलएमई फोरबद्दल एक सांगायचं राहिलं. ते पहिल्यांदा चालवलंत की पी व्हॅल्यूच दिसणार नाही आणि तुम्ही घाबराल. ते विसरून राहिलेलं नाही, लेखक डग्लस बेट्स यांनी मुद्दाम ठेवलेलं नाही, कारण अनबॅलन्स्ड मिक्स्ड मॉडेलमध्ये एफच्या छेदातली डिग्री ऑफ फ्रीडम किती धरायची यालाच पक्कं उत्तर नाही. ज्यांना हवं त्यांच्यासाठी एलएमईआर टेस्ट हे पॅकेज आहे, ते सॅटरथ्वेटच्या पद्धतीने अंदाज काढतं. छोट्या प्रयोगात मी केनवर्ड-रॉजरची पद्धत घेतो, ईएममीन्समध्ये तीच आधी वापरली जाते, फक्त पीबीकेआर टेस्ट हे पॅकेज इन्स्टॉल असावं लागतं.

आता जुनी स्क्रिप्ट. "हे पॅकेज तुमच्या आर व्हर्जनसाठी उपलब्ध नाही" या मेसेजमागे बहुतेक वेळा पुढच्यातलं एक काहीतरी असतं: नावात कॅपिटल-स्मॉल चुकलंय, तुमचं आर फार जुनं आहे, पॅकेज बायोकंडक्टर या जैविक डेटासाठीच्या वेगळ्या भांडारावर आहे क्रॅनवर नाही, किंवा ते क्रॅनने अर्काइव्ह केलंय. अर्काइव्ह म्हणजे काय ते समजून घ्या. आर किंवा दुसरं कुठलं पॅकेज बदललं की क्रॅनच्या तपासणीत एखादं पॅकेज नापास होतं, मेंटेनरला मेल जातो आणि मुदत दिली जाते, त्याने दुरुस्त केलं नाही तर पॅकेज यादीतून काढतात. मेंटेनर बहुतेक वेळा कुठल्यातरी विद्यापीठातला माणूस असतो, बिनपगारी हे काम करत असतो, नोकरी बदलतो, निवृत्त होतो, मेलचा पत्ता बंद होतो, एवढ्यानेही पॅकेज जातं. त्यातलं गणित चुकलं असा त्याचा अर्थ नाही. जुनी सोर्स फाइल क्रॅनच्या अर्काइव्हमध्ये कायम असते आणि रिमोट्स पॅकेजमधल्या इन्स्टॉल व्हर्जनने ती घेता येते, विंडोजवर आरटूल्स लागतील कारण सोर्सपासून बनवावं लागतं. पण नवीन थिसिस अशा पॅकेजवर उभा करू नका, तुमच्या व्हायवापर्यंतही ते टिकेल का याची खात्री नसते.

कधी कधी पॅकेज जाताना रीतसर सांगून जातं. नकाशांसाठी वर्षानुवर्षं वापरलेली आरजीडाल, आरजीओस आणि मॅपटूल्स ही तीन पॅकेजेस ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त केली, रॉजर बिवांड आणि मंडळींनी बराच आधीपासून सांगितलं होतं की एसएफ आणि टेरा या नव्या पॅकेजेसकडे वळा. तुमच्या सीनियरच्या स्क्रिप्टमध्ये तालुक्यांचा नकाशा असेल तर न सापडणारं पॅकेज यातलंच असायची दाट शक्यता आहे, आणि तिथे जुनं शोधत बसू नका, सरळ एसएफमध्ये लिहा, ओळीही कमी लागतात. तसंच एलएसमीन्स दिसलं तर ईएममीन्स वापरा, रसेल लेंथ यांनीच जुन्याच्या जागी नवं लिहिलंय.

पॅकेज सापडूनही स्क्रिप्ट मोडण्याची दोन मोठी कारणं खुद्द आरमध्ये आहेत. एप्रिल २०२० मध्ये आर ४.० आलं आणि त्यात फाइल वाचताना अक्षरी कॉलमचं आपोआप फॅक्टर करणं बंद झालं. जुन्या स्क्रिप्टमध्ये लेव्हल्स विचारले असतील तर आता नल येतं आणि पुढचं सगळं कोसळतं. उपाय सोपा, वाचल्यावर स्वतः फॅक्टर करा, आणि खरं तर ते जास्त चांगलं कारण क्रमही तुम्हीच ठरवता, कंट्रोल पहिला ठेवता येतो. दुसरं, २०१९ च्या ३.६.० मध्ये सॅम्पल या फंक्शनची पद्धत बदलली कारण जुन्यात मोठ्या संख्यांवर थोडा झुकाव होता. म्हणजे तोच सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो नंबर) देऊनही आता वेगळे आकडे येतात. सीनियरने प्लॉटचं रँडमायझेशन जुन्या आरमध्ये सीड देऊन काढलं असेल आणि तुम्ही तोच ले-आउट परत काढायला गेलात तर जुळणार नाही, आरएनजीकाइंडमध्ये सॅम्पलची पद्धत "राउंडिंग" केली की जुना क्रम मिळतो. फक्त जुनं परत काढण्यापुरतंच वापरा, नवीन कामाला नाही.

आणखी एक, नावांची टक्कर. मासमध्ये सिलेक्ट आहे, डीप्लायर या डेटा हाताळायच्या पॅकेजमध्येही सिलेक्ट आहे, जे पॅकेज नंतर लोड केलं त्याचं चालतं. मास नंतर आलं की "अनयूज्ड आर्ग्युमेंट" अशी एरर येते, आणि निदान एरर येते म्हणून कळतं तरी. खरा त्रास प्लायर आणि डीप्लायरचा आहे. डीप्लायरनंतर प्लायर लोड केलं की समराइज हे प्लायरचं चालतं, त्याला ग्रुप बाय कळत नाही, त्यामुळे तालुकावार सरासरी मागितली तर तालुके सोडून देऊन सगळ्या डेटाची एकच ओळ मिळते, आणि एरर नाही, वॉर्निंग नाही. लोड करताना आर "अमुक फंक्शन मास्क झालं" असं लिहून दाखवतं, तो मेसेज वाचत चला. आणि शंका असेल तिथे पॅकेजचं नाव पुढे लावून लिहा, डीप्लायर::सिलेक्ट, डीप्लायर::समराइज असं. लांब होतं पण सहा महिन्यांनी तुम्हालाच कळतं कुठलं काय आहे.

तुमची स्क्रिप्ट पुढच्या ज्युनियरकडे जाईल तेव्हा हेच सगळं तिला होऊ नये म्हणून आर-एन्व्ह हे पॅकेज वापरा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये इनिट करायचं, काम झालं की स्नॅपशॉट, बास. ते एक लॉक फाइल बनवतं ज्यात प्रत्येक पॅकेज आणि त्याचं व्हर्जन लिहिलेलं असतं, दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोअर केलं की तीच व्हर्जन्स येतात. ते आरचं व्हर्जन नोंदवून ठेवतं पण आर स्वतः इन्स्टॉल करून देत नाही, ते आपण बघायचं. पूर्वी मायक्रोसॉफ्टकडे एमरॅन म्हणून सोय होती, रोजच्या तारखेचा क्रॅनचा फोटो ठेवलेला असायचा, कितीतरी लोकांनी त्यावर भरवसा ठेवून पेपर छापले आणि २०२३ मध्ये ते बंद झालं. म्हणून मी थिसिससाठी सांगतो की लॉक फाइल तर ठेवाच, शिवाय जी दोन-तीन पॅकेजेस तुमच्या निकालाचा कणा आहेत त्यांच्या सोर्स फाइल्स डाउनलोड करून डेटासोबत पेन ड्राइव्हवर ठेवा. काही एमबीचा मामला असतो.

देवनागरीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण गावांची नावं मराठीत आहेत असं लिहिलंय म्हणून सांगतो. विंडोजवर आर ४.२ च्या आधी मराठी अक्षरांच्या जागी यू प्लस आणि आकडे दिसायचे, एप्रिल २०२२ च्या ४.२ पासून विंडोजवरही यूटीएफ ८ आलं आणि तो त्रास जवळपास गेला. त्यासाठी विंडोजही बऱ्यापैकी नवीन लागतं, आणि हे एकच कारणही आर अपडेट करायला पुरेसं आहे. आलेखात मात्र "त्र्यंबक" किंवा "कर्जत" लिहिलं की जोडाक्षर फुटतं, रफार भलतीकडे जातो, वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. त्याला रॅग हे पॅकेज घ्या, जीजीप्लॉटचा आलेख सेव्ह करताना त्याचं पीएनजी डिव्हाइस सांगा, अक्षरं नीट जुळवून येतात. आणि नावं मराठी वर्णक्रमाने लावायची असतील तर स्ट्रिंगी पॅकेजमध्ये लोकेल मराठी सांगून सॉर्ट करा.

डेटा हाताळायला टायडीव्हर्स (पॅकेजेसचा संच) शिकू का डेटा डॉट टेबल हे पॅकेज, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तुमचा डेटा काहीशे ओळींचा आहे, दोन्हींत फरक पडणार नाही, शेजारी बसणारी मैत्रीण जे वापरते ते घ्या कारण अडलं की विचारायला माणूस लागतं. उद्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या लाखो ओळींच्या फाइलवर गेलात तर डेटा डॉट टेबलचा वेग जाणवेल. आणि तिथे वेगापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सर्व्हे पॅकेज लागेलच, वेट, क्लस्टर आणि स्ट्रॅटा सांगितल्याशिवाय काढलेले कॉन्फिडन्स इंटरव्हल खोटे पडतात. त्या फाइलमध्ये वेटचा कॉलम दहा लाखाने गुणलेला असतो, आधी भागून घ्यायचा, नाहीतर काही ठिकाणी एकूण संख्या भलतीच मोठी दिसते.

थिसिसमध्ये काय लिहायचं: "आर सॉफ्टवेअर वापरून विश्लेषण केले" एवढं पुरत नाही. आरचं व्हर्जन, प्रत्येक मुख्य पॅकेजचं नाव आणि व्हर्जन, एनोव्हाचा टाइप, तुलनेची पद्धत आणि ॲडजस्टमेंट, एवढं मटेरियल अँड मेथड्समध्ये यायलाच हवं. सायटेशन हे फंक्शन चालवलं, कंसात पॅकेजचं नाव दिलं, की संदर्भ कसा द्यायचा ते लेखकांनी लिहून ठेवलेलंच असतं, तसाच उचलून रेफरन्समध्ये टाका. त्या लोकांना त्यांच्या विद्यापीठात या कामाचं श्रेय मिळायचा तो बहुतेक वेळा एकच मार्ग असतो, त्यामुळे ते चुकवू नका. सेशन इन्फोचं आउटपुट अपेंडिक्सला जोडा. आणि आत्ता लगेच करायचं ते एवढंच: डीएफचा कॉलम तपासा, फॉर्म्युल्यात रेप आधी आणि ट्रीटमेंट नंतर आहे का बघा, एसपीएसएसशी परत ताडून बघा. तरीही जुळलं नाही तर दोन्हीकडचे पूर्ण एनोव्हा तक्ते आणि डेटाची रचना खाली टाका, कुठल्या ओळीत फरक सुरू होतो त्यावरून पुढचं सांगता येईल.